बिनतिकिटाचा दिवस

अप्पुकुट्टनच्या बसमधून फुकट गेलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. लग्नानंतर पहिल्यांदाच लेकीला भेटायला निघालेल्या सासऱ्याचंसुद्धा त्याने तिकीट फाडलं होतं, वर सुट्टे मागितले होते. आमटी खारट झाली असं तो म्हणाला, की त्याची बायको तंकमणी ती गोष्ट आजही बाहेर काढते.

पट्टांबी ते चेरुकुन्नम, दिवसाला सहा फेऱ्या. बसचं नाव पौर्णमी, मालक उमर हाजी, स्टिअरिंगवर मोय्दीन. वीस-बावीस वर्षांत बदललं ते एवढंच, की बस दोनदा नवी आली आणि तिकिटांच्या गठ्ठ्यांच्या जागी गळ्यात लटकवायचं मशीन आलं. या रस्त्यावरचे बाकीचे कंडक्टर गल्ल्यातून रोज चहा-परोट्यापुरतं बाजूला काढायचे. त्यात कोणालाच काही गैर वाटायचं नाही, मालकांनाही नाही. अप्पुकुट्टन काढायचा नाही. याला कोणी साधुपणा म्हणेल, तर तसं काही नव्हतं. हा निव्वळ माज होता. संध्याकाळी त्याने पैसे पुढे ठेवले की उमर हाजी न मोजता खिशात टाकायचा, आणि ते बघायला बाकीच्या बसचे कंडक्टर स्टँडवर हजर असायचे. त्या एका क्षणासाठी हा गडी दिवसभर दोन पायांवर उभा राहायचा.

जीभ मात्र तिखट. सवलतीच्या पासवर चढणाऱ्या शाळेच्या पोरींना तो म्हणायचा, “मोळे, अगं पोरी, एक रुपयात तुला नेतो. तुझ्या दप्तराला कोण नेणार, तुझा मामा?” पोरीही कमी नव्हत्या. “दप्तर चालत येईल, अप्पुवेट्टा, तुम्ही फक्त बेल मारा,” असं या दादाला ऐकवायच्या. म्हातारी पारुकुट्टीअम्मा तर त्याला तोंडावर ‘कंजूस यम’ म्हणायची आणि रोज त्याच्याच बसने जायची. दुसऱ्या बसचा कंडक्टर सुट्टे परत देताना विसरतो, हा विसरत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

हारिस याच बसने यायचा-जायचा. फरशी बसवणारा, तिशीतला, मागच्या बाकावर ओल्या सिमेंटचे हात मांडीवर ठेवून झोपणारा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आमच्याकडे माणूस असा आजारी पडला की संध्याकाळपर्यंत कमिटी उभी राहते. वॉर्डाच्या मेंबर लतिका अध्यक्ष, आणि कामकाज बघायला बिजेश. दुसरं नाव कोणाच्या डोक्यात येण्याचा प्रश्नच नव्हता.

बिजेशचं पूर्वी मोबाइलच्या कव्हरचं दुकान होतं. शेजारच्या एका अपघातग्रस्त पोराचा त्याने फोनवर व्हिडिओ काढला, तो गल्फपर्यंत गेला आणि चार दिवसांत पैशांचा पाऊस पडला. तेव्हापासून दुकान बंद आणि हे सुरू. तरुणांच्या क्लबने त्याच्या फोटोचा फलक लावला, खाली लिहिलं, ‘आमच्या गावाचं चांगुलपणाचं झाड’. काही लोक हे नाव मनापासून घ्यायचे, काही गालात हसून. पण कुठल्या घराला कधी त्या झाडाखाली उभं राहावं लागेल ते सांगता येत नव्हतं, म्हणून हसणारेही जपूनच हसायचे.

हारिसच्या बायकोला, साबिराला, त्याने अंगणात बसवून बोलतं केलं. वाऱ्याचा आवाज आला म्हणून पुन्हा रडायला सांगितलं. खातं साबिराच्या नावाचं, पण व्हिडिओखाली झळकणारा फोन नंबर बिजेशचा, आणि सह्या करून घेतलेलं कोरं चेकबुकही त्याच्याच कपाटात. आजारी माणसाच्या घरात बँकेच्या चकरा कोण मारणार, हे त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. हारिसची आई किडनी द्यायला तयार होती, ती जुळतही होती. अडलं होतं ते ऑपरेशनच्या पैशावर. मग एक रविवार बिर्याणीचा झाला, घराघराने पुडे विकत घेतले. आणि एक दिवस बसचा.

बसचा दिवस म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. या रस्त्यावरच्या तीन बसनी त्या दिवशीची सगळी कमाई रोग्याला द्यायची. डिझेल मालकाचं, पगार ड्रायव्हर-कंडक्टरने सोडायचा. तिकीट फाडायचं नाही. कंडक्टरने मशीन घरी ठेवायचं आणि हातात झाकण नसलेली प्लास्टिकची बादली घेऊन फिरायचं. ज्याला जे वाटेल ते त्याने टाकावं. कोणी सुट्टे परत मागत नाही, कोणी कोणाच्या नोटेकडे बघत नाही. बघणं हा तिथे गुन्हाच.

अप्पुकुट्टनने बादली फिरवली. पारुकुट्टीअम्माने कनवटीची शंभराची नोट टाकली. शाळेच्या पोरींनी वर्गणी काढून आणली होती. ज्यांना कुठे जायचंच नव्हतं तेही नुसते बसमध्ये चढले, पैसे टाकून पुढच्या स्टॉपला उतरले. तिसऱ्या फेरीला बादली भरली, दुसरी मागवावी लागली. आयुष्यात पहिल्यांदाच अप्पुकुट्टन न भांडता पट्टांबीहून परत आला, आणि मोय्दीनने त्याला तसं ऐकवलंही.

संध्याकाळी क्लबसमोर सतरंजी अंथरली होती. बिजेश फोन उभा करून लाइव्ह बोलत होता. तिन्ही बसच्या बादल्या एकापाठोपाठ एक उपड्या झाल्या आणि नोटांचा एकच ढीग झाला. अप्पुकुट्टन सवयीने खाली बसला, दहाच्या दहांत आणि वीसच्या विसांत लावू लागला. बिजेशने त्याचा हात धरला.

“अप्पुवेट्टा, हे दान आहे, गल्ला नाही. आजच्या दिवस कंडक्टर नको, माणूस व्हा.”

सगळे हसले. अप्पुकुट्टनही हसला, कानापर्यंत लाल झाला आणि उठला. इतक्या लोकांनी विश्वासाने टाकलेले पैसे आपण मोजायला बसलो, याची त्याला खरोखर लाज वाटली. नोटा पोत्यात गेल्या, पोतं बिजेशच्या गाडीत गेलं. पावती कोणी मागितली नाही, मागितली असती तर लोकांनी मागणाऱ्यालाच खाली बघायला लावलं असतं.

पुढचे कित्येक महिने हारिस डायलिसिसलाच जात राहिला. पैसे अजून कमी पडताहेत, असं कमिटी म्हणायची.

एका सकाळी साबिरा एकटीच चढली. हातात हॉस्पिटलची पिशवी.

“पळ्ळिप्पडीचं द्या, अप्पुवेट्टा.”

“पळ्ळिप्पडीला काय काम तुझं? हॉस्पिटल तर दोन स्टॉप पुढे.”

“तिथून जाईन चालत.”

तिकिटातले चार-पाच रुपये वाचत होते, हे त्याच्या ध्यानात आलं. इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण अप्पुकुट्टनच्या जिभेला तेवढी उसंत कुठली? “अगं, सगळा मुलूख तुमच्यासाठी लोटला आणि तू पाच रुपयांसाठी पाय झिजवतेस? एकट्या पौर्णमीच्या दोन बादल्या होत्या, उचलताना कंबर धरली माझी!”

साबिराने त्याच्याकडे पाहिलं. ती मुळातच हळू बोलायची, आता तर त्याला वाकून ऐकावं लागलं.

“तिन्ही बसचे मिळून एकोणीस हजार झाले, असं बिजेशने सांगितलं आम्हाला.”

“किती?”

“मी तुम्हाला कधी विचारलं का काही? विचारणारही नाही. तुमच्या घराचं कर्ज आहे, मोय्दीनिक्काच्या मुलीचं लग्न झालं तेव्हाच. अडचणी सगळ्यांनाच असतात, अप्पुवेट्टा. जे दिलंत त्याचेच उपकार मोठे.”

म्हणजे हिने कधीचं ठरवून टाकलं होतं, वर माफही करून टाकलं होतं! अप्पुकुट्टनला आधी कळेचना की आपल्याला काय होतंय. मग त्याचा आवाज चढला. “आम्ही खाल्ले? तुझ्या नवऱ्याच्या औषधाचे पैसे मी खाल्ले?” सगळी बस वळून बघायला लागली. साबिराने डोक्यावरची ओढणी पुढे ओढली आणि खिडकीकडे तोंड केलं. सुपारीचा व्यापारी कुट्टन नायर पुढच्या बाकावर होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, पण ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, “मी तेव्हाच म्हटलं होतं, त्या दिवशी मशीन घरी ठेवल्याचं सुख यांनाच.”

संध्याकाळपर्यंत ती गोष्ट चहाच्या टपरीवर पोचली. तोंडावर कोणी बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी उमर हाजीने गल्ला खिशात टाकण्याआधी मोजला. चष्मा लावून, सावकाश, एकदा. मग म्हणाला, “बरोबर आहे.” इतर कंडक्टर बघत होते.

तेव्हापासून अप्पुकुट्टनला चैन म्हणून पडेना. जेवताना त्याचं बोट पानाच्या कडेवर काहीतरी मोजत राही. आंघोळीला गेला तर बादलीकडेच बघत उभा राही, तंकमणीने हाक मारल्यावर भानावर येई. मागच्या ओणमच्या आदल्या दिवशी पौर्णमीचा गल्ला किती होता, ते विचारा, तो झोपेतही सांगेल. त्या एकाच दिवसाचा आकडा त्याच्याजवळ नव्हता. बसमध्ये किती माणसं चढली असतील, प्रत्येकाने किती टाकले असतील, हे तो पुन्हा पुन्हा मांडायचा आणि दर वेळी वेगळं उत्तर यायचं. एक बेल मारायची तिथे दोन मारायचा, आणि उतरणारे ओरडायचे. मोय्दीन म्हणायचा, “अप्पू, बस मी चालवतोय की तुझं डोकं?”

तो बिजेशकडे गेला. तिथे नव्या व्हिडिओची तयारी चालली होती. बिजेशने त्याला खुर्ची दिली, थंड सोडा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, “तुमच्या बसचे किती होते, सांगा ना अप्पुवेट्टा. आकडा सांगा, मी पुढचं बघतो.”

“तूच मोजू दिलं नाहीस!”

“मग तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. पोतं सोडलं तेव्हा जे निघालं ते मी सांगितलं. बादली दिवसभर कोणाच्या हातात होती?” त्याने आवाज आणखी मऊ केला. “मी कधी कुठे तुमचं नाव घेतलं का? घेणारही नाही.”

हा दुसरा माफ करणारा. अप्पुकुट्टन सोडा तसाच ठेवून बाहेर पडला.

लतिका मेंबर घरी भेटली. ती बाई वाईट नव्हती, पण तिने हात वर केले. “कमिटीचं कुठे रजिस्टर आहे, कुठे कायदा? चार माणसं चांगल्या मनाने जमतात, काम करतात. तपासणार कोण आणि कोणत्या अधिकाराने? आणि एकदा का तपासणी काढली, की पुढच्या रोग्याला एक पैसा पडणार नाही. ते पाप तुम्ही घेणार का?”

घरी तंकमणीने आणखी सोपं करून सांगितलं. “आपलीही दोन लेकरं आहेत. उद्या आपल्यावर वेळ आली तर जायचं कोणाच्या दारात? गप बसा.”

सगळे त्याला हेच सांगत होते आणि प्रत्येकाचं खरं होतं, म्हणूनच तो जास्त चिडत होता. हारिसचा त्याला कळवळा नव्हता असं नाही. पण खरं सांगायचं तर हारिसपेक्षा जास्त त्याला उमर हाजीचा तो चष्मा सलत होता.

अशात सुकुमारन रंगाऱ्याच्या मुलीचं आजारपण निघालं. दिया, आठ वर्षांची, काळजाला भोक. पुन्हा कमिटी, लतिका आणि बिजेश. पुन्हा अंगणातला व्हिडिओ. पुन्हा तीन बसचा दिवस ठरला, आणि त्यात पौर्णमी होतीच.

त्या सकाळी मोय्दीनने आरशात पाहिलं आणि ब्रेकवरचा पाय तसाच राहिला. अप्पुकुट्टनच्या एका हातात बादली होती आणि गळ्यात मशीन.

“ते कशाला?”

“तिकीट देणार.”

“आज?”

“आजच.”

“वेड लागलंय तुला. खाली ठेव ते, अप्पू. लोक थुंकतील.”

लोक थुंकले नाहीत, पण थुंकण्यापासून फार लांबही राहिले नाहीत. पहिल्याच स्टॉपला पारुकुट्टीअम्माने शंभराची नोट टाकली. बसचं सगळ्यात महाग तिकीट पंचेचाळिसाचं, शाळेची सवलत सोडली तर सगळ्यात स्वस्त दहाचं. अप्पुकुट्टनने पंचेचाळिसाची दोन आणि दहाचं एक काढून तिच्या हातात ठेवलं. म्हातारीने ती चिठोरी डोळ्यांजवळ नेली.

“हे काय रे?”

“तुमचं तिकीट, अम्मे.”

“पुण्याचं तिकीट? हे कुठवर चालतं, वैकुंठापर्यंत?”

“पट्टांबीपर्यंत. पुढचं तुमचं तुम्ही बघा.”

ती हसली नाही. तिने तिकिटं त्याच्या पायाशी टाकली आणि दिवसभर पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. हायस्कूलचे एक मास्तर पाचशे घेऊन आले होते. मशीन करकरायला लागलं, पंचेचाळिसाची अकरा निघाली. उरलेल्या पाच रुपयांसाठी अप्पुकुट्टनने विद्यार्थ्यांची एक-एक रुपयाची पाच काढली. हातभर लांब कागद मास्तरांच्या मांडीवर लोंबायला लागला. मागची पोरं फिदीफिदी हसली. ते बघून मास्तरांच्या शेजारच्या गृहस्थांनी खिशातून काढलेली दोनशेची नोट परत आत सारली आणि वीस टाकले. “आमच्यावर विश्वास नाही म्हणायचं,” ते म्हणाले. अप्पुकुट्टनने त्यांना दहाची दोन तिकिटं दिली.

बातमी बसच्या पुढे धावत होती. दुपारी आलिंचुवडच्या स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसांनी पौर्णमीकडे पाठ फिरवली आणि मागून येणाऱ्या बसला हात केला. चौथ्या फेरीला बस निम्मी रिकामी. अप्पुकुट्टनचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो रिकाम्या बाकांमधून पुढे जायचा, मागे यायचा, पुन्हा पुढे जायचा. बादलीत नोटा तळाला होत्या. दियाला त्याने पाहिलेलं होतं, रस्ता ओलांडताना बापाचा अंगठा धरून दोनदा थांबणारी पोर. हातातली रिकामी बादली तिचीच होती, हे त्याला कळत होतं. तरी मशीन काढून ठेवायला हात होईना.

मोय्दीन स्टिअरिंगवरूनच म्हणाला, “तुझ्या अब्रूचं भाडं ती पोरगी भरतेय बघ.”

अप्पुकुट्टनने खिशातून स्वतःचे पाचशे काढले, बादलीत टाकले आणि त्याचीही तिकिटं काढून खिशात घातली. साबिरा परतीच्या फेरीला चढली, हारिसला घेऊन. हारिसचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. तिने दहा रुपये टाकले, एक तिकीट घेतलं, नीट घडी केली.

संध्याकाळी क्लबसमोर सतरंजी होती, फोन उभा होता, बिजेश लाइव्ह होता. बाकी दोन बसच्या बादल्या उपड्या झाल्या आणि टाळ्या पडल्या. मग त्याने पौर्णमीची बादली स्वतः उचलून सगळ्यांना दाखवली. ती त्याला एका हाताने उचलता आली.

“माझ्या प्रिय माणसांनो, आज एका गृहस्थांनी तुमच्या दानावर तिकीट फाडलं. काय झालं ते तुम्हीच बघा. अप्पुवेट्टा, या इकडे. तुमचं मशीन काय म्हणतं, सांगा जगाला.”

अप्पुकुट्टनने बटण दाबलं. मशीनमधून चिठ्ठी सरकत बाहेर आली. त्याने ती वाचली. “एकवीस हजार चारशे ऐंशी.”

लोकांनी चुकचुक केली. कोणीतरी म्हणालं, हारिसच्या वेळी एवढ्याच बसमध्ये नोटा ओसंडत होत्या. “संशय शिरला की माणसाचा हात आखडतो,” बिजेश फोनकडे बघत खेदाने म्हणाला, “आणि भोगतं कोण, तर आठ वर्षांचं लेकरू.”

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून साबिरा बोलली. आवाज नेहमीइतकाच हळू होता, पण सगळे चुकचुकून गप्प झाले होते, त्यामुळे तो शेवटच्या माणसापर्यंत गेला.

“आज एका बसचे एकवीस?” ती म्हणाली. “मला तर तीन बसचे एकोणीस सांगितले होते.”

क्षणभर कोणालाच अर्थ लागला नाही. मग कुट्टन नायरला लागला, व्यापारी माणूस. त्याने आधी बिजेशकडे पाहिलं, मग अप्पुकुट्टनकडे, आणि पहिल्यांदाच त्याची मान खाली गेली. बिजेशचा अंगठा फोनवर गेला, लाइव्ह बंद झालं. “तेव्हा खर्च झाला होता,” तो म्हणाला. “जाहिरात, गाडी, बाकीचे रोगी… सगळं कसं सांगणार इथे?” लतिका मेंबर घाईने म्हणाली, “हे आपण कमिटीत बोलू, कमिटीत.” पण मागची माणसं पुढे सरकायला लागली होती. क्लबच्याच एका पोराने गाडीच्या दाराला पाठ लावली. उमर हाजी गर्दीतून वाट काढत आला आणि सगळ्यांसमोर अप्पुकुट्टनच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

एवढंच तर हवं होतं. गेले कित्येक महिने तो याच हातासाठी तडफडला होता.

तेवढ्यात सुकुमारन मध्ये शिरला. बिजेशच्या समोर नाही, बिजेशच्या बाजूला. त्याने दोन्ही हातांनी बिजेशचा हात धरला आणि गर्दीकडे तोंड केलं.

“आज नका,” तो म्हणाला. “तुमच्या पाया पडतो, आज नका.”

“अरे, तुझ्याच मुलीचे पैसे हा खाणार आहे!” अप्पुकुट्टन ओरडला.

“माहीत आहे. मी काय आंधळा आहे?” सुकुमारनच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. “पण याच्या व्हिडिओवर दुबईहून येतात, कतारहून येतात. तुमच्या मशीनमधून काय आलं, अप्पुवेट्टा? याला हाकललंत तर उद्या तिच्यासाठी कॅमेऱ्यापुढे कोण उभं राहणार? तुम्ही? खाऊ दे त्याला. खाऊन उरेल तेवढ्यात माझी पोरगी जगेल.”

गाडीच्या दारापाशी उभं राहिलेलं पोर बाजूला झालं. पुढे आलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, मग जमिनीकडे. अप्पुकुट्टनच्या हातातली चिठ्ठी घामाने ओली झाली होती. उमर हाजीचा हात खांद्यावर जड वाटायला लागला.

बिजेशच्या चेहऱ्यावर रंग परतला. त्याने सुकुमारनच्या पाठीवरून हात फिरवला. “मी आहे ना. पुन्हा लाइव्ह सुरू करतो, तू फक्त दोन शब्द बोल.” सुकुमारन मनगटाने डोळे पुसायला लागला, तसा बिजेश हळूच म्हणाला, “पुसू नकोस. राहू दे तसंच.” आणि त्याने फोन वर धरला.

“मीसुद्धा हेच म्हटलं होतं, सुकुमारेट्टा,” साबिरा म्हणाली. “उरेल तेवढं पुरे, म्हटलं होतं.”

सुकुमारनने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे, क्लबच्या पायरीवर चपला काढून बसलेल्या हारिसकडे, त्याच्या सुजलेल्या पायांकडे. फोनचा लाल ठिपका लागला होता आणि बिजेश मानेनेच बोल, बोल म्हणून खुणावत होता.

सुकुमारनने खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि तोंड खसाखसा पुसून कोरडं केलं.